अंगणातला तेलाचा डाग

रामटेकच्या आमच्या घराच्या अंगणात शहाबादी फरशी आहे. पावसाळा सरता सरता त्या फरशीवर एक काळपट डाग दिसायला लागला. आधी रुपयाएवढा, मग बशीएवढा, दसऱ्यापर्यंत ताटाएवढा. अम्मी रोज सकाळी त्यावर चुलीतली राख टाकायची आणि झाडून काढायची. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी पोचलो, त्या दिवशी तिनं राखेचं घमेलं माझ्या हातात दिलं. म्हणाली, "या तो इसको ठीक कर, या बेच दे. मेरे से रोज रोज राख नहीं डाली जाती."

'इसको' म्हणजे जीपला.

जीप १९८६ सालची. महिंद्राची, डिझेल, चार-बाय-चार. अब्बांनी ती १९९८ मध्ये दुसऱ्या हातानं घेतली, तेव्हा मी सातवीत होतो. तेंदूपत्त्याच्या हंगामात देवलापारच्या बाजूला ठेकेदाराची माणसं ने-आण करायची, इतर दिवसांत मनसरहून रामटेकला सवाऱ्या आणायच्या, लग्नसराईत वऱ्हाड, आणि रात्री-बेरात्री कुणाच्या घरी बाळंतपण अडलं की नागपूरची फेरी. या जीपवर आमचं घर चाललं, बहिणीचं लग्न झालं आणि माझं डी.एड. झालं. अब्बांना जाऊन तीन वर्षं झाली. मी नागपूरला शिक्षक. जीप आता महिन्यातून दोन-चारदा चालते. शेतावर जायला, अम्मीला डॉक्टरकडे न्यायला, आणि शेजारच्या आजीला वर्षातून एकदा गडावर पोचवायला.

या आजीचं सांगितलं पाहिजे. गडावर जायला पायऱ्या आहेत आणि गाडीरस्ताही आहे. आजीचे गुडघे गेले तेव्हापासून, म्हणजे पंधरा-सोळा वर्षं, त्रिपुर पौर्णिमेच्या जत्रेची गर्दी होण्याआधी एका सकाळी अब्बा तिला जीपमधून वर सोडायचे. ती दर्शन घेऊन येईपर्यंत हे गाडीपाशी विडी ओढत बसायचे. पैशाचा विषय दोघांनीही कधी काढला नाही. अब्बा गेल्यावर ते काम न सांगता माझ्याकडे आलं. यंदाही मी आल्याचं कळताच आजीनं कुंपणावरून विचारलं, "काऊन बाबू, जीप बरी हाय ना? मले न्याचं हाय बरं औंदा."

मी म्हटलं, "हो आजी, नेतो ना." आणि मग फरशीवरच्या डागाकडे बघितलं.

नागपूरच्या एका गॅरेजवाल्याला मी आधीच विचारून ठेवलं होतं. त्यानं जीपखाली टॉर्च फिरवली आणि उभ्या उभ्या हिशेब सांगितला. गिअरबॉक्स उतरवू, ट्रान्स्फर केस उघडू, मागचं हाउसिंग उघडू, सगळे ऑइल सील नवे, लागतील ती बेअरिंगं नवी. २२,००० रुपये धरा, आत काय निघेल ते वेगळं. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. सगळं उघडायचं तर तेवढे लागणारच. प्रश्न होता तो सगळं उघडायची गरज आहे का, हा.

शिवाय २०२६ मध्ये जीपची नोंदणी पुन्हा करायची आहे. पंधरा वर्षं झाल्यावर खासगी गाडीचं दर पाच वर्षांनी हे करावं लागतं. चारचाकीसाठी ही फी ६०० रुपये होती, एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी १०,००० झाली. वर हरित कर आहेच. म्हणजे महिन्यातून चारदा चालणाऱ्या जीपवर वर्षभरात तीस-पस्तीस हजार घालायचे. शिक्षकाच्या पगारात हा आकडा दोनदा वाचावा लागतो.

म्हणून ठरवलं, गळती आपणच काढायची. सुट्टी आहे, पान्यांची पेटी आहे, आणि लहानपणापासून या जीपच्या आसपास वावरलोय.

पण खरं सांगायचं तर कारण फक्त पैशाचं नव्हतं. अब्बांनी मला कधी जीपखाली जाऊ दिलं नाही. मी पाना द्यायला म्हणून जवळ गेलो तरी म्हणायचे, "गाड़ी के नीचे हाथ काले करने को मैं काफी हूं. तू जा, पढ़." आपल्याकडे हे वाक्य किती घरांत बोललं गेलं असेल. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात मुस्लिम कामगारांमध्ये स्वयंरोजगाराचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असल्याचं नोंदवलंय, आणि वाहनदुरुस्ती हे त्यातलं एक ठळक क्षेत्र आहे. ती आकडेवारी वाचायची आपल्याला गरज नाही. कोणत्याही गावाच्या बस स्टँडजवळ चार गॅरेज बघा, उस्ताद कोण आणि हाताखालची पोरं कोण ते दिसतं. ज्यांनी आयुष्यभर हे काम केलं त्यांनीच आपल्या मुलांना त्यातून बाहेर ढकललं. मी बाहेर पडलो. पण मनात कुठेतरी होतं की जे काम बापानं केलं ते मला येत नाही, आणि ते न येणं हीच माझी शिकवणी होती. जीपखाली जायची हौस त्यातून आलेली.

(या जीपच्या कंपनीचाही एक किस्सा आहे, आपल्यातल्या अनेकांना माहीत नसतो. १९४५ मध्ये ती पोलादाच्या व्यापारासाठी सुरू झाली तेव्हा तिचं नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद' होतं. दोन महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. अब्बांना हे मी सांगितलं होतं तेव्हा ते म्हणाले होते, "चलो, गाड़ी तो यहीं रही.")

आता कामाचं बोलू.

गळतीचं पहिलं तत्त्व हे की थेंब जिथे पडतो तिथून तेल येतं असं नाही. गाडी चालताना वारा तेलाला मागे ढकलतो आणि वजनानं ते खाली उतरतं. त्यामुळे डाग मागच्या हाउसिंगखाली असला तरी तेल पुढच्या ट्रान्स्फर केसमधून आलेलं असू शकतं. म्हणून ओल्या भागातली सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची जागा शोधायची. दुसरं, तेल ओळखायचं. डिझेल इंजिनचं तेल काळं कुळकुळीत असतं. गिअर ऑइल, ज्याला सगळे नव्वद नंबर म्हणतात, ते मधासारखं दाट आणि तपकिरी असतं, आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. ब्रेक ऑइल पातळ आणि फिकं. बोटावर घेतलं की फरक कळतो.

मी बोटावर घेतलं. नव्वद नंबर. म्हणजे इंजिन सुटलं. उरले गिअरबॉक्स, त्याच्या पाठीला जोडलेला ट्रान्स्फर केस आणि मागचं डिफरन्शियल.

एक पूर्ण दिवस मी फक्त धुण्यात घालवला. रॉकेल, जुना ब्रश, पत्र्याची पट्टी. चाळीस वर्षांची माती आणि तेल मिळून डांबरासारखा थर झाला होता. तो खरवडल्यावर खाली लोखंड निघालं. कोरडं पुसून त्यावर अम्मीची टाल्कम पावडर फुंकली. डबा अर्धा रिकामा झाल्यावर अम्मीनं काही म्हटलं नाही, नुसतं बघितलं. मग खिंडसीपर्यंत एक चक्कर मारून आलो आणि पुन्हा खाली शिरलो. पांढऱ्या पावडरीवर तेलाच्या वाटा स्पष्ट उमटल्या होत्या.

तीन जागा निघाल्या. मागच्या डिफरन्शियलचं तोंड, जिथे पिनियनचा सील असतो. ट्रान्स्फर केसचं मागचं तोंड, जिथून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट निघतो. आणि तिसरी डाव्या मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला, ड्रमच्या खालच्या कडेवर एक बारीक ओली रेघ.

पहिल्यांदा वाटलं, तीन गळत्या म्हणजे तीन सील, दर सील दोन-तीनशे रुपये, झालं. पण प्रत्येक जागेपाशी बसून विचार करायला लागल्यावर तिन्ही वेगळी प्रकरणं आहेत हे कळत गेलं.

डिफरन्शियलपासून सुरुवात केली. सील बदलायच्या आधी तो का गळतो हे बघावं, म्हणून हाउसिंगच्या वर बसवलेला ब्रीदर काढला. ब्रीदर म्हणजे हवा जायचं छोटं नळकांडं. गाडी चालली की आतलं तेल तापतं, हवा फुगते, तिला बाहेर पडायला वाट लागते. आमचा ब्रीदर धानाच्या बांधीतल्या चिखलानं गच्च भरला होता. पावसाळ्यात शेताच्या वाटेनं जीप नेली, चिखल उडाला, आत बसून सुकला. वाट बंद झाली की फुगलेली हवा तेलाला सीलच्या ओठातून बाहेर ढकलते. उलटंही होतं. तापलेलं हाउसिंग गार पाण्यात उतरलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढून घेते.

हे दुसरंही झालं होतं का ते तेल काढल्यावरच कळणार होतं. इथे एक नियम आहे, तो लिहून ठेवा. खालचा तेल सोडायचा बोल्ट उघडायच्या आधी बाजूचा तेल भरायचा बोल्ट उघडा. गंजलेला बोल्ट हलला नाही आणि तुम्ही आधीच सगळं तेल सोडून बसलात, तर गाडी जागची हलवता येत नाही. आमचा भरायचा बोल्ट अर्धा तास हलला नाही. रात्रभर रॉकेल आणि तेल टाकून ठेवलं, सकाळी पान्याला पाइप लावून जोर केला, तेव्हा कर्र आवाज करून सुटला. खालून जे तेल आलं ते दूध घातलेल्या चहासारखं होतं. पाणी मुरलेलं. अजून एक पावसाळा तसंच चाललं असतं तर क्राऊन-पिनियन आणि बेअरिंग गंजून गेले असते.

नवं तेल दीडेक लिटर लागलं. सपाट जागेवर गाडी उभी करून भरायच्या भोकाच्या कडेपर्यंत. ब्रीदर रॉकेलमध्ये भिजवून, तारेनं टोकून साफ केला. पिनियनच्या सीलला हात लावला नाही. तो बदलायचा तर पिनियनची ढिबरी सोडावी लागते, आणि त्या ढिबरीच्या कसण्यावर आतल्या बेअरिंगचा ताण ठरतो. काही गाड्यांत त्यासाठी दबणारी नळी असते, काहींत शिम. कमी कसली तर पिनियन डगमगतो, जास्त कसली तर बेअरिंग जळतं. दोन दिवस चालवून बघितलं तर पावडर जवळजवळ कोरडी राहिली होती. दिवसाला थेंबही पडत नव्हता, नुसता माठाला येतो तसा पाझर होता. पाझर आणि गळती यांत फरक करायला हवा. माठ पाझरतो म्हणून आपण फोडत नाही.

पहिली गळती एका तारेनं आणि तेलाच्या खर्चात सुटली. मी खूश होतो. फार खूश होतो, आणि पुढे जे झालं त्याला ही खुशीच जबाबदार आहे.

दुसरी जागा ट्रान्स्फर केसची. जुन्या बनावटीच्या या जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसतो. ट्रान्स्फर केसच्या मागच्या तोंडाशी शाफ्टवर एक छोटा ड्रम असतो, हँडब्रेक तो ड्रम धरतो. म्हणजे इथला सील गळाला की तेल थेट हँडब्रेकमध्ये. आमचा हँडब्रेक गेल्या वर्षापासून ढिला झाला होता, मी केबल ताणून ताणून चालवत होतो. कारण आता समजलं. काम मात्र जमण्यासारखं वाटलं. शाफ्टच्या जोडावर खुणा करायच्या, चार बोल्ट सोडायचे, शाफ्ट बाजूला करायचा, ड्रम काढायचा, ढिबरी सोडून योक ओढायचा, जुना सील उचकून नवा बसवायचा.

अंगण फाटकाकडे थोडं उतरतं. मी हँडब्रेक पूर्ण ओढला, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली, आणि खात्रीसाठी मागच्या चाकाला एक वीट लावली. मग खाली शिरलो. चौथा बोल्ट निघाला, शाफ्ट खाली आला आणि जीप चालायला लागली.

आवाज नाही, काही नाही. वरचं लोखंड माझ्या तोंडावरून सरकायला लागलं. विटेचा भुगा झाला. मी अंग चोरलं. फूटभर मागे जाऊन मागचं चाक फाटकाच्या दगडी उंबऱ्याला टेकलं आणि जीप थांबली. पुढचं चाक माझ्या खांद्यापासून वीतभर होतं. अम्मी ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिच्या हातातलं सूप पडल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

बाहेर येऊन बसलो तेव्हा गणित डोक्यात आलं. शिक्षक आहे, गणित शिकवतो. हँडब्रेक शाफ्टला धरतो. गिअरही शाफ्टमार्फतच चाकाला धरतो. पुढच्या चाकांचा गिअर काढलेला. मी मागचा शाफ्ट सोडला तेव्हा हँडब्रेक आणि गिअर, दोघांचाही चाकांशी संबंध संपला. त्या क्षणी अख्खी जीप उतारावर एका विटेवर उभी होती. हे मला चौथा बोल्ट सोडायच्या आधी सुचायला हवं होतं. माहिती सगळी माझ्याकडे होती. सवय नव्हती.

अम्मी बोलली नाही. तिनं तांदूळ गोळा केले आणि आत गेली. तिचं न बोलणं मला जास्त लागलं.

संध्याकाळी सायकल काढून उस्तादांकडे गेलो. बस स्टँडच्या पलीकडे त्यांचं गॅरेज आहे. अब्बांच्या जीपचं सगळं काम त्यांनीच केलेलं. आता हात थरथरतो म्हणून मुलगा सांभाळतो, ते खुर्चीवर बसून आवाजावरून इंजिन ओळखतात. मी झालं ते सांगितलं. ते चिडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "अब्बा के गुटके कहां हैं?"

"कौनसे गुटके?"

"बबूल के. दो थे. तेरे अब्बा मेरे पास गाड़ी लाते थे ना, चाबी बाद में देते थे, पहले गुटके लगाते थे. मैं बोलता, अरे भाई, मेरा गॅरेज है, जमीन सपाट है. बोलते, तू काम कर. हमारे साथ का एक क्लीनर था, जंगल में शाफ्ट खोलते टाइम गया. मैं और तेरे अब्बा, दोनों वहीं थे."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. "हाथ काले करने को मैं काफी हूं" या वाक्यात मी इतकी वर्षं फक्त काळे हात ऐकले होते. शिक्षणाची ओढ ऐकली होती, थोडी लाजही ऐकली होती. त्यात भीती होती हे मला बेचाळिसाव्या वर्षी, उस्तादांच्या गॅरेजमध्ये समजलं.

मग मी तिसऱ्या जागेबद्दल विचारलं. डाव्या मागच्या ड्रमवरची ओली रेघ. ती दिसायला सगळ्यात बारीक होती, दिवसाला एक थेंबही नाही.

उस्ताद म्हणाले, "वो मेरे पास ला."

"मैं नहीं कर सकता?"

"कर सकता. पर पहली बार करेगा तो गलती करेगा. गलती इधर कर, मैं बाजू में बैठा हूं."

त्यांनी समजावलं ते असं. हाउसिंगमधलं तेल चाकाच्या शाफ्टच्या कडेनं बाहेर येतं तेव्हा ते जमिनीवर पडत नाही, आधी ब्रेकच्या लायनरमध्ये मुरतं. जमिनीवर दिसतं ते उरलेलं. आपण डाग बघून गळतीचा अंदाज करतो, आणि इथे डागच नसतो. एका बाजूचा ब्रेक तेलकट झाला की तो कमी धरतो, गाडी दुसऱ्या बाजूला ओढते. सपाट रस्त्यावर हळू चालवताना लक्षातही येत नाही. कळतं ते उतारावर, माणसं भरलेली असताना.

उतारावर, माणसं भरलेली असताना. मला गडाचा रस्ता दिसला आणि मागच्या सीटवर आजी दिसली, मांडीवर पूजेचं ताट धरलेली. दसऱ्यापासून मी फरशीवरच्या डागाची चिंता करत होतो. जी गळती आजीला घेऊन खाली गेली असती तिचा फरशीवर थेंबही नव्हता.

घरी येऊन गुटके शोधले. जीपच्या मागच्या पेटीत नव्हते. अम्मीला विचारलं तर तिनं स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट दाखवलं. दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून खाली सरकवलेला तेलकट काळा लाकडी ठोकळा, तीन वर्षं मी त्याला ओलांडून जात होतो. दुसरा कोंबड्यांच्या खुराड्याला लावलेला. दोन्ही धुऊन घेतले. बाभळीचं लाकूड, पाचरीसारखं कापलेलं, चाकाला टेकायची बाजू झिजून बाकदार झालेली.

ट्रान्स्फर केसचं काम मी दुसऱ्या दिवशी पूर्ण केलं. आधी जीप ढकलून सपाट भागात आणली, दोन्ही मागच्या चाकांना गुटके लावले, पुढच्या चाकांना मोठे दगड. या वेळी अम्मी ओट्यावर तांदूळ निवडत नव्हती, फाटकाशी खुर्ची टाकून बसली होती आणि दर पाच मिनिटांनी विचारत होती, "ठीक है ना?" योक काढल्यावर कळलं की जुना सील ज्या जागी घासत होता तिथे नखाला लागेल अशी खाच पडलीय. अशा खाचेवर नवा सीलही फार दिवस टिकत नाही. बारीक पॉलिश पेपरनं जेवढी घासता आली तेवढी घासली, नवा सील किंचित वेगळ्या खोलीवर बसवला, म्हणजे त्याचा ओठ खाचेवर येणार नाही. हँडब्रेकचे लायनर तेल पिऊन चिकट झाले होते, ते बदलले.

मग जीप हळूहळू उस्तादांकडे नेली. ड्रम उघडला तर आतले लायनर काळे, ओले. असे लायनर धुऊन भागत नाही, आणि एकाच बाजूचे बदलूनही नाही, दोन्हीकडचे बदलावे लागतात. चाकाचा शाफ्ट उस्तादांच्या मुलानं मला ओढू दिला. सील मी बसवला. वाकडा बसला. मुलानं तो काढून फेकला, दुसरा दिला, आणि सपाट ठोकळा ठेवून गोल फिरत फिरत हलक्या हातानं कसं ठोकायचं ते दाखवलं. बेअरिंगचा खेळ शिम लावून त्यानंच जुळवला. ते बघताना कळलं की ते बोटांत असतं, सांगून येत नाही. उस्ताद खुर्चीवरून एकदाच बोलले, "ब्रेक का काम दूसरे को चेक करने दे. हमेशा. मैं भी देता था."

हिशेब सांगतो. माझं तेल, सील, रॉकेल, पॉलिश पेपर मिळून २,१०० रुपये. हँडब्रेकचे लायनर ६००. उस्तादांकडे सील, ब्रेक लायनर आणि मजुरी ५,२००. एकूण ७,९००. गॅरेजवाल्याच्या आकड्यापेक्षा चौदा हजार कमी. पण हे चौदा हजार मी कमावले असं म्हणताना मला त्या विटेचा भुगा आठवतो.

काढलेलं जुनं तेल कॅनमध्ये भरून उस्तादांच्या ड्रममध्ये ओतलं, त्यांच्याकडून तेल घेणारा ते नेतो. नालीत सोडलं असतं तर पुढच्या पावसात कुणाच्या तरी बांधीत गेलं असतं. वाटीभर अम्मीनं ठेवून घेतलं, खुराड्याच्या लाकडाला वाळवी लागलीय म्हणून.

जुनी गाडी असलेल्या अनेकांचा प्रश्न असतो, घरी करावं की गॅरेजला द्यावं? मला आता वाटतं, तो दुसरा प्रश्न आहे. आधी तेल कुठून येतं ते शोधा. त्याला पैसे लागत नाहीत, एक दिवस लागतो, आणि तो दिवस प्रत्येकानं स्वतः द्यावा. मग ते कुठे जातं ते बघा. जमिनीवर जात असेल तर तुमच्याकडे वेळ आहे, शिका, चुका, पुन्हा करा. ब्रेककडे किंवा क्लचकडे जात असेल तर तुमच्या चुकीत दुसरं कुणी बसलेलं असणार आहे. तिथे जाणत्या माणसाला शेजारी उभं करा. आणि खाली शिरण्याआधी, या क्षणी गाडीला नक्की कोण धरून आहे, हे स्वतःला मोठ्यानं विचारा.

त्रिपुर पौर्णिमेच्या आधीच्या सोमवारी सकाळी आजीला गडावर नेलं. ती दर्शनाला गेली. मी मागच्या चाकांना गुटके लावले आणि गाडीपाशी बसलो. विडी ओढत नाही, म्हणून नुसता बसलो. खाली खिंडसीचं पाणी धुक्यात होतं. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये आणली, वळणावर ब्रेक दाबला, जीप सरळ थांबली. आजी मागून म्हणाली, "तुझे बाबा यापरीस हळू आणत, बाबू." मी आणखी हळू केली.

अंगणात अजून एक डाग पडतो, रुपयाएवढा. ट्रान्स्फर केसच्या त्या खाचेतून येतो. नवा योक मिळेपर्यंत येत राहील. अम्मी त्यावर राख टाकते, आणि आता कुरकुर करत नाही.